डेम्पस्टर हायवे, एक पंक्चर आणि माझा पोळपाट

कॅनडाच्या उत्तर टोकाकडे, डॉसन सिटीच्या थोडं अलीकडे हा डेम्पस्टर हायवे सुरू होतो, नावाला हायवे, बाकी नुसती खडी. इनुविकपर्यंत साधारण 740 किमी, आणि 2017 पासून पुढे टुकटोयाकटुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत रस्ता झालाय. वाटेतला पहिला पंप 369 किमीवर ईगल प्लेन्सला, त्यामुळे आमच्या जुन्या कॅम्पर ट्रकवर डिझेलचे दोन कॅन बांधूनच निघालो.

खडी उगाच नाही टाकलेली हां, खाली पर्माफ्रॉस्ट आहे, कायमची गोठलेली जमीन, ती वितळली तर रस्ताच खचेल म्हणून जाड भराव घातलाय. पण टायरला काय त्याचं! ओगिल्वी नदीच्या पुढे मागचं टायर बसलं, पाहिलं तर दगडाची चीप सुरीसारखी आत घुसलेली, वर पाऊस, आणि जॅक चिखलात रुतायला लागला तर नवऱ्याने काय करावं, माझा सागवानी पोळपाट काढून खाली सरकवला. पोळपाट तडकला. ट्रक मात्र उचलला गेला. (सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.)

रात्री 11 ला (इतक्या उत्तरेचा उन्हाळा!) लख्ख उन्हात पिठलं-भात खाल्ला, पोळ्या कशावर लाटणार?

पील आणि मॅकेन्झी नद्यांवर पूलच नाहीत, उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरून गाड्या. टुकला पोचलो, समुद्रात पाय घातले आणि तीन सेकंदांत बाहेर काढले.