चार लाख बावन्न हजार एक

दिवाळीच्या आधी पुण्याच्या आत्याला शेव पाठवायची म्हणजे पोस्टातली रांग आलीच. पार्सलवर एकीकडे तिचा पिन ४११०३०, दुसरीकडे आमचा इंदूरचा ४५२००१. पुढे अकरा माणसं आणि मोबाइल मेलेला. मग आकड्यांकडेच बघत बसले.

पिन कधी कुणी संख्या म्हणून वाचत नाही. ‘चार लाख बावन्न हजार एक’ म्हटलं असतं, तर खिडकीतले भैया दचकलेच असते.

अंकांची बेरीज १२, म्हणजे तीनने भाग जातो. एकाआड एक अंक घेतले, तर ४+२+० आणि ५+०+१, दोन्हीकडे सहा. म्हणजे अकरानेही जातो. उरले १३६९७. इथे गाडी अडली. किराणाच्या यादीमागे सात, तेरा, सतरा करत ११३ पर्यंत गेले (वर्गमूळ ११७ च्या आसपास, पुढे जायची गरज नाही), पण एकानेही भाग जाईना. म्हणजे अभाज्य. मराठी पुस्तकांत मूळ संख्या म्हणतात, पण आमची शाळा हिंदीतून, जिभेवर अभाज्यच येतं.

४५२००१ ला स्वतःखेरीज सात विभाजक, त्यांची बेरीज २०५५०३, निम्म्याहूनही कमी. ही बेरीज संख्येहून कमी भरली, की तिला न्यून म्हणतात. घरी येऊन द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहून पाहिली, तर दहा एकं निघाली. एकं सम असली की गणितवाले तिला ‘ईव्हिल’, म्हणजे दुष्ट म्हणतात, ‘इव्हन’वरची कोटी. न्यून काय, दुष्ट काय, बिचारीने कुणाचं घोडं मारलंय?

मग देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवले. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हटलं, आनंद देणारी. आमची विषम, तिला बारा कुठून चालणार? आत्याची करून पाहिली. बेरीज नऊ, भागाकार ४५६७०, बाकी शून्य.

सदाशिव पेठ, आणि आनंद देणारी! मी दोनदा ताळा केला.

पिनची ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. संस्कृतात कविता करणारा टपालखात्यातला अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पहिले दोन अंक ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा त्यातच. ४५ पासून आम्ही मध्य प्रदेशवाले. पुण्याला गेलं की ‘तुमचं मराठी जरा हिंदीच वाटतं हो’ हे ठरलेलं, पण टपालखात्याने पहिला चार दोघांनाही दिलाय. हे मी आत्याला अजून ऐकवलेलं नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. हर्षदचं सांगणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, “शेव पोचली गं. मीठ जरा जास्तच आहे.”