सहापैकी पाच

मी एअर फ्रेटच्या ट्रॅकिंग डेस्कवर आहे. कंपन्यांचा माल विमानात चढला की तो हातात पडेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं, हेच काम. त्यातला एक दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही.

सकाळी आल्या आल्या एका क्लायंटचा फोन. कारखान्यातलं मशीन बंद पडलेलं, स्पेअर पार्ट्सचे सहा बॉक्स मागवलेले. "मॅडम, स्क्रीनवर माल आलाय असं दिसतंय पण आमच्या माणसाला पाचच बॉक्स देतायत, आणि कंट्रोल कार्ड नेमकं सहाव्यात आहे, ते नसेल तर बाकीचे पाच घेऊन मी करू काय?"

स्टेटस उघडलं. आरसीएफ, म्हणजे फ्लाइटमधून उतरून वेअरहाऊसला जमा. पण शेजारी पीसेस ५. बघणारे कोड बघतात आणि हा आकडा सोडून देतात, खरं तर सगळी गोम त्यातच असते, कारण डीईपी आलं म्हणजे विमान सुटलं एवढंच कळतं, आपले किती नग घेऊन सुटलं ते त्या आकड्यावरूनच कळतं. मागचे मेसेज काढले तर ट्रान्झिटला, म्हणजे वाटेत जिथे माल विमान बदलतो तिथे, उतरले ६, तिथून निघाले ५. हे आम्हाला रात्रीच दिसायला हवं होतं हो. पण आमचा अलर्ट स्टेटसचा कोड बदलला की वाजायचा, नग कमी झाले तर गप्प. मला फार वाईट वाटलं.

ट्रान्झिटच्या वेअरहाऊसला फोन लावला तर उत्तर आलं, या नंबरचा माल आमच्याकडे नाही. दुपारी परत तेच. मग मी त्यांना म्हटलं, अहो मग तुमची फाउंड कार्गोची लिस्ट तरी पाठवा, म्हणजे लेबल फाटलेला, कुणाचा ते कळत नाही असा जो माल पडून असतो त्याची. ती आली आणि एका ओळीवर माझी नजर अडकली. आमचा नंबर ४३१८२५६ आणि शेवटी ५, लिस्टमध्ये ४३७८२५६ आणि शेवटी ५.

एअर वेबिलचा, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीचा, नंबर ११ आकडी असतो, पहिले तीन एअरलाइनचे, मग सात आकडे, आणि शेवटचा चेक डिजिट, म्हणजे त्या सात आकडी संख्येला ७ ने भागून जी बाकी उरते ती. लगेच भागून बघितलं. आमच्या नंबरची बाकी ५ येते, लिस्टमधल्या नंबरची १. म्हणजे ५ ने संपणारा तसला नंबर असूच शकत नाही! फाटक्या लेबलवरचा १ हा आकडा कुणीतरी ७ वाचून हाताने टाइप केलेला, म्हणून आमच्या नंबरने शोधून त्यांना काहीच सापडत नव्हतं.

तरी नुसत्या गणितावर माल हलवत नाहीत आणि हलवूही नये. पॅकिंग लिस्टमधलं त्या बॉक्सचं वजन आणि मापं पाठवली, बॉक्सचा फोटो मागवला, तो क्लायंटला दाखवला. "हाच, हाच आमचा!" ते जवळजवळ ओरडलेच.

नंबर दुरुस्त होऊन बॉक्स रात्रीच्या फ्लाइटला मॅनिफेस्ट झाला, म्हणजे त्या विमानाच्या मालाच्या यादीत चढला. मी घरी गेले खरी, पण झोप कसली, मोबाइलवर बघतच होते. पहाटे परत आरसीएफ पडलं, पीसेस १. तेव्हा क्लायंटला मेसेज टाकला, माणूस पाठवा, सहावा आलाय.