नववं प्रकरण: समेच्या अलीकडे

आधी हिशेब. नऊ प्रकरणं झाली, साधारण साडेचौदा हजार शब्द, शिवाय अख्खं सातवं प्रकरण रद्दीत. तबला पंचवीस वर्षं वाजवतोय, पण मुलांसाठी कादंबरी ही पहिलीच. हात अजून बसलेला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गोष्ट कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानातली. तिथल्या बारापेडे गुहेत रॉटनची वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी. माझी अकरा वर्षांची चिंगी आजोबांची तबल्याची हातोडी घेऊन त्या गुहेत शिरते. आत एक दगडी दार आहे. ते तालातल्या टाळीला दाद देत नाही, फक्त 'खाली'ला (टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या जागेला) हलतं.

सातवं प्रकरण इथंच बुडालं. दाराला मी सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा, तीनताल दिला होता. त्याची खाली नवव्या मात्रेवर. म्हणजे मागं चोर लागलेत आणि पोरगी आठ मात्रा मोजत उभी! मग सात मात्रांचा रूपक ताल घेतला. त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, हीच खाली, त्यामुळे पहिल्याच 'ती' या बोलाला दार करकरतं. आता उलटीच पंचाईत, सगळं फार सोपं झालं. म्हणून अट घातली: सातही मात्रा पुऱ्या व्हायला हव्यात, मध्ये हात अडखळला तर दार मिटतं. ती ती ना, धी ना, धी ना. चोर पाचव्या मात्रेला कोपऱ्यावर येतो. हे लिहिताना मांडीवर माझीच बोटं चालू होती.

दुसरी गोष्ट जास्त अवघड गेली. दर रविवारी खानापुरात आमच्या सोप्यात भाची आणि तिच्या तीन मैत्रिणींना वाचून दाखवतो. आठवं संपलं, पोरींनी टाळ्या वाजवल्या, "छान हाय की मामा!" म्हणाल्या आणि पेरू खायला पळाल्या. वादक माणूस मी, टाळ्यांवर खूश. रात्री लक्षात आलं की पुढं काय झालं हे एकीनंही विचारलं नाही. प्रत्येक प्रकरण मी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून केलेला शेवट) लावून नीट समेवर आणून ठेवत होतो. मैफलीत ते शोभतं. इथं पुस्तक मिटायला परवानगीच दिल्यासारखं!

नवव्याचा शेवटचा परिच्छेद छाटला. चिंगी सहाव्या मात्रेवर आहे, हातोडी निसटते, संपलं. (मला स्वतःला त्या रात्री धड झोप लागली नाही, अर्धी तिहाई टाकून उठल्यासारखं वाटत होतं.) रविवारी पोरींनी वही हिसकावून मागचं पान उलटून पाहिलं. कोरं होतं. भाची दोन तास बोलली नाही.

दहाव्यात मलप्रभा नदी ओलांडायची आहे. त्याआधी एकदा कणकुंबीला उगमाशी बसून पाण्याचा आवाज ऐकून येणार. वटवाघळाला मात्र अजून नाव नाही. भाचीनं 'कुंदा' सुचवलंय, आणि त्याहून बरं मला काही सुचत नाहीये.