इनारीचे रेनडिअर, जनावरांच्या डॉक्टरच्या नजरेतून

रेनडिअरची नाकपुडी कोरडी असते. कोरडी आणि चक्क केसाळ. गाईम्हशींत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही, कारण आमच्या कामात जनावरापाशी गेलं की पहिली नजर तिथेच जाते. नाकपुडी ओली असली की ठीक, सुकली असली की थर्मामीटर काढायचा. पशुधन विकास अधिकारी म्हणून सांगली जिल्ह्यात नोकरी केली, निवृत्त झाले, तरी ही सवय सुटलेली नाही. त्यामुळे फिनलंडच्या उत्तर टोकाला, इनारीजवळच्या एका फार्मवर, पहिला रेनडिअर समोर आला तेव्हा मी हातमोजा काढला आणि त्याच्या नाकाला हात लावला. मखमलीसारखे दाट, आखूड केस. थर्मामीटरची गरज नव्हती, गडी ठणठणीत होता. उणे 22 तापमानात ओलं नाक उघडं ठेवणं कुठल्याच जनावराला परवडणार नाही.

खरी गंमत त्या नाकाच्या आत आहे. आतल्या पातळ हाडांच्या गुंडाळ्यांवरून बाहेरची गोठवणारी हवा फिरत जाते आणि फुप्फुसात पोचेपर्यंत अंगाइतकी गरम होते. श्वास सोडताना उलटं. उष्णता आणि ओलावा बराचसा नाकातच काढून घेतला जातो. पुस्तकात हे वाचलं होतं. पण शेजारी उभं राहून पाहिलं तर माझ्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते आणि त्याच्या नाकातून अगदी बेताची वाफ.

लेक आणि जावई हेलसिंकीशेजारच्या एस्पूला असतात. फेब्रुवारीच्या शेवटी नातीला शाळेची सुट्टी होती, म्हणून हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेने रोवानिएमीला गेलो आणि तिथून बसने सव्वातीनशे किलोमीटर उत्तरेला. बहुतेक पर्यटक रोवानिएमीलाच थांबतात. आर्क्टिक वृत्त तिथेच आहे, सांताचं गावही तिथेच. लेकीनेच आग्रह धरला, "आई, तुला गर्दीतला रेनडिअर बघून समाधान होणार नाही, आपण वर जाऊ." तिला माझी पारख बरोबर आहे.

फार्म म्हणजे बंदिस्त गोठा वगैरे काही नाही. पाईनच्या झाडांमध्ये लाकडी कुंपण घातलेलं आवार, एका कडेला गवताच्या गुंडाळ्या, मध्ये शेकोटीची झोपडी. कुंपणात असतात ते फक्त गाडीला जुंपायचे आणि काही अशक्त झालेले. बाकी कळप जंगलात. फिनलंडचा उत्तरेकडचा, म्हणजे देशाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग रेनडिअर पाळण्यासाठी ठरवून दिलेला आहे. तिथे त्यांना जमिनीची मालकी न बघता चरायची मोकळीक असते. या भागात पशुपालकांच्या 54 सहकारी संस्था आहेत. हिवाळ्यात जास्तीत जास्त किती जनावरं राखायची याची मर्यादा सरकार घालतं, सगळ्या मिळून 2,03,700. चराई टिकावी म्हणून ही मर्यादा. गायरानं डोळ्यांदेखत संपताना पाहिलेल्या मला हा आकडा फार मोलाचा वाटला.

आवारात शिरण्याआधी लेकीने बजावलं होतं, "कळपात किती आहेत ते मात्र विचारू नकोस हं." तिकडे ते विचारणं म्हणजे बँकेत किती पैसे आहेत असं विचारणं. पशुगणनेत काम केलेल्या बाईला हे अवघड, पण पाळलं.

स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरणारी बिनचाकांची गाडी, ओढायला असतात ते खच्ची केलेले नर. एरवी नराची शिंगं माजाचा हंगाम सरला की गळून पडतात, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. माद्यांची मे महिन्यात विण्यापर्यंत राहतात, आणि खच्ची केलेल्या नरांचीही हिवाळा बराच सरेपर्यंत टिकतात. आम्हाला मिळालेल्या गड्याचं डावं शिंग गेलेलं, उजवं शाबूत. नात काळजीत पडली. तिला सांगितलं की दुखत नाही गं, दरवर्षी जातात आणि दरवर्षी नवीन येतात. हरणांच्या सगळ्या कुळात नर-मादी दोघांनाही शिंगं असणारा हा एकटाच, हेही सांगितलं. ते तिने पुढे दिवसभर भेटेल त्याला ऐकवलं.

जुंपण्याआधी मालकीणबाईंनी मला जवळ येऊ दिलं. लेकीने फिनिशमध्ये माझा व्यवसाय सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला होता. मी आधी मान आणि खांदे बघितले. बैलाची खांदेसूज इतकी पाहिली आहे की ओझं ओढणारं कुठलंही जनावर दिसलं की बोटं तिथेच जातात. इथे जू नाही. गळ्यात एक रुंद, आतून मऊ अस्तर लावलेली पट्टी, ती छातीच्या बाजूंनी लाकडी दांड्यांना जोडलेली. ओढ सगळी खांद्याच्या पायथ्याशी येते. केस दाबून कातडीपर्यंत बोट न्यायला प्रयत्न करावा लागला इतकी लोकर दाट. घासल्याची खूण नाही, केस झडलेले नाहीत, कातडी सैल आणि गरम. पाठीवर रात्रीचं बर्फ तसंच पडलेलं होतं, वितळलेलं नव्हतं. वरचे केस आतून पोकळ असतात, त्यांत हवा कोंडलेली, त्यामुळे अंगातली ऊब बाहेर येतच नाही. थंडीत उभं राहून ऊब टिकवायला या जनावराला उणे 30 च्या आसपासपर्यंत वेगळी मेहनत पडत नाही.

म्हणूनच स्लेजची सैर हळू चालते, आणि ती हळूच चालायला हवी. आमच्या पुढच्या स्लेजमधले पाहुणे अधूनमधून "अजून जोरात नाही का जात?" असं विचारत होते. थोडं अंतर पळेलही तो. पण हिवाळी लोकर अंगावर असलेल्या रेनडिअरला धोका थंडीचा नसतो, गरम होण्याचा असतो. घाम फारसा येत नाही, ऊब बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. जीभ बाहेर लोंबायला लागली की थांबायचं. मालकीणबाई पुढे पायी चालत होत्या, मागची स्लेज पुढच्या स्लेजला दोरीने बांधलेली, अशी आमची रांग. त्या मधूनमधून वळून प्रत्येकाचं तोंड बघत होत्या. एवढं पाहिलं आणि मी निर्धास्त झाले.

स्लेज जमिनीलगत असते. खाली रेनडिअरचं कातडं, पायांवर जाड पांघरूण, नात मांडीवर. आधी जंगलातून, मग गोठलेल्या तळ्यावरून. आमच्या एकशिंग्याला चालता चालता बाजूचं बर्फ तोंडात घ्यायची खोड होती. पाणी पिण्याचाच तो प्रकार. त्याने मान खाली घातली की स्लेजला हलका हिसका बसे आणि नात खुदखुदे. आणि पायांचा आवाज! प्रत्येक पावलागणिक टिक, टिक, टिक. मला आधी सांधा दुखावला आहे की काय वाटलं, म्हणून कान देऊन ऐकलं, पण चारही पायांतून सारखाच येत होता आणि चाल स्वच्छ होती. पायातली कंडरा हाडावरून सरकते त्याचा तो आवाज. अंधारात, हिमवादळात कळप एकत्र राहायला याची मदत होत असावी असं म्हणतात.

परत आल्यावर हातातून दगडफूल भरवायला मिळालं. हो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड, फक्त हे जमिनीवर वाढणारं, फिकट आणि स्पंजासारखं. रेनडिअर बर्फाखालून वासावर ते हुडकतो आणि पुढच्या खुराने उकरून काढतो. गाईसारखेच याला वरचे पुढचे दात नाहीत, त्यामुळे चावायची भीती नाही, नुसते ओठ तळहातावर फिरतात. हे दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. एकदा चरून उघडं झालेलं माळ पुन्हा भरायला दशकं लागतात.

आणि आता खरी काळजी बर्फाची आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी बर्फ पडल्यावर मध्येच उबारा येतो, पाऊस होतो आणि मग पुन्हा गोठतं. जमिनीवर कडक थर धरतो. त्या थराखालचं दगडफूल नाकाला कळत नाही आणि खुराला फुटत नाही. अशा वेळी पूर्वी कळप जुन्या जंगलात नेत, तिथे झाडांच्या फांद्यांवर काळं लोंबतं दगडफूल मिळतं. पण ते वाढायला झाड म्हातारं लागतं, आणि जंगलतोडीत म्हातारी झाडं आधी जातात. म्हणून आता गवत आणि गोळीखाद्य विकत आणावं लागतं. मालकीणबाई म्हणाल्या, "पर्यटकांचे पैसे वैरणीत जातात." ते वाक्य मी विसरणार नाही. वैरण विकत घ्यावी लागली की पशुपालकाचं काय होतं हे मला कोणी समजावून सांगायला नको. आटपाडी, जतच्या चारा छावण्यांत मी उभी राहिले आहे.

त्या झोपडीत बसून दोघींचं जे बोलणं झालं, त्यासाठी मी पुन्हा इतकी थंडी सोसेन. कातडीखाली अळ्या सोडणाऱ्या माश्यांचा विषय निघाला. शरद ऋतूत कळप गोळा करतात तेव्हा त्यावर आयव्हरमेक्टिन हे औषध देतात, हे सांगताना लेकीला भाषांतर करावं लागलं नाही. मग कानांवरच्या खुणा. प्रत्येक मालकाची स्वतःची खूण, दोन्ही कानांना सुरीने दिलेल्या छेदांची. फिनलंडमध्ये अशा 12,000 च्या आसपास खुणा नोंदलेल्या आहेत. उन्हाळ्यात कळप आवारात आणतात, पाडस ज्या मादीच्या मागे धावेल तिच्या मालकाची खूण त्याच्या कानांवर. त्यांनी मला आपली खूण कागदावर काढून दाखवली. तीच त्यांच्या वडिलांच्या खुणेत एक छेद वाढवून केलेली.

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. आपल्याकडच्या गाईच्या कानातला पिवळा बिल्ला, 12 अंकी. त्यांना तो नीट बघायचा होता. मग त्यांनी विचारलं की पळत्या कळपात हा वाचता कसा? खरं आहे, वाचता येत नाही, जनावर धरून उभं करावं लागतं. त्यांची खूण धावत्या जनावराच्या कानावर दुरून ओळखू येते. पण आमच्या बिल्ल्यावरून लसीकरण, रेतन, सगळी नोंद निघते, तेही मी सांगितलं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत असं माझं मत झालं.

जेवायला रेनडिअरच्या मांसाचे पातळ काप, बटाट्याचा लगदा आणि लिंगनबेरी, म्हणजे तिकडची आंबट लाल फळं. मी मांसाहार करते, खाल्लं, आणि आवडलं. आपल्याकडच्या काही पाहुण्यांना हे फार लागतं, "आत्ता तर त्याला भरवलं!" असं म्हणतात. पण या घरांचं मूळ उत्पन्न मांसाचं आहे. जनावर उन्हाळाभर मोकळं हिंडतं, स्वतःचं स्वतः चरतं, माद्या जंगलात वितात. माझ्या नोकरीत यापेक्षा पुष्कळ वाईट जगणारी जनावरं मी पाहिली.

रेनडिअरबद्दलचं एक नवं संशोधन मी निघताना मालकीणबाईंना सांगितलं. नॉर्वेत ट्रॉम्सोला रेनडिअरांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या, 2023 च्या डिसेंबरमध्ये ते प्रसिद्ध झालं. रवंथ करताना त्यांच्या मेंदूत झोपेसारख्या लहरी दिसतात आणि जितका रवंथ जास्त तितकी झोपेची गरज कमी. त्या हसल्या आणि कुंपणाकडे बोट केलं. आमचा एकशिंग्या बर्फात बसून डोळे अर्धे मिटून रवंथ करत होता. हिवाळ्यात यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा सोनेरीचा निळा होतो, अंधारात जास्त दिसावं म्हणून. तो निळा रंग बघायचा राहिला, कारण त्यासाठी टॉर्च मारावा लागतो आणि बसलेल्या जनावराच्या डोळ्यात उजेड मारणं मला पटत नाही.

जाणार असाल तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च धरा. डिसेंबरमध्ये इनारीला सूर्य उगवतच नाही, फक्त दुपारच्या आसपास निळसर उजेड असतो. तोही सुंदर असतो म्हणतात, पण जनावर नीट दिसायला उजेड लागतो. फार्म निवडताना विचारा की एका रेनडिअरला दिवसातून किती फेऱ्या करायला लावता आणि उन्हाळ्यात तो कुठे असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "जंगलात" असं आलं पाहिजे. फिनलंडमध्ये रेनडिअर सामी लोकांशिवाय, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या मूळनिवासींशिवाय, इतरही पाळतात, तेव्हा फार्म सामी कुटुंबाचा आहे असं कोणी सांगत असेल तर खरंच तसं आहे ना ते बघा. नकली सामी पोशाख घालून फोटो काढून देणारे टाळा. फिनलंडच्या सामी संसदेने 2018 मध्ये पर्यटनासाठी नियमावली काढली आहे, ती इंटरनेटवर इंग्रजीतही मिळते, एकदा वाचून जा. अंगात लोकरीचे थर घाला, सुती काही नको. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झटकन उतरते. आणि हातमोजे असे घ्या की एक पटकन काढता येईल. नाकाला हात लावायचा असेल तर आधी मालकाला विचारा, मग समोरून नको, बाजूने हात न्या.