मोटारीचा विमा: सक्तीचा किती, माथी मारलेला किती

आमची मोटार सात वर्षे जुनी, 1,197 सीसी इंजिनाची. घोडबंदर रस्त्यावरच्या घरापासून ठाणे स्टेशनपर्यंत आणि महिन्यातून एकदा गावी, एवढाच तिचा वापर. यंदा पॉलिसी संपायला बारा दिवस होते, तेव्हा नूतनीकरणासाठी फोन आला आणि 13,900 रुपये आजच भरा, असा आग्रह सुरू झाला. "काका, विमा सक्तीचा आहे, नाही भरला तर दंड होईल," असे फोनवरच्या मुलीने तीनदा सांगितले. मी प्रत्येक रकमेचा वेगळा तपशील लेखी मागितला.

तो दुसऱ्या दिवशी आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे तिऱ्हाइताला झालेल्या इजेचा किंवा नुकसानीचा. 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी मोटारीसाठी 1 जून 2022 पासूनच्या दराने त्याचे 3,416 रुपये आणि 18 टक्के जीएसटी धरून 4,031 रुपये होतात. मालक-चालकाच्या 15 लाखांच्या अपघात संरक्षणाचे 389 रुपये होते. तेही बंधनकारक आहे, परंतु तेवढ्या रकमेची वेगळी अपघात पॉलिसी आधीच असेल तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही, आणि माझ्याकडे ती होती. उरलेले 9,480 रुपये स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, इंजिन संरक्षण, रस्त्यावरील मदत आणि चावी हरवल्याची भरपाई यांचे होते. यांतले काहीही कायदा मागत नाही. वंदना सिनेमाजवळ राहणाऱ्याला पावसाळ्यातले तुंबलेले पाणी पाहता इंजिन संरक्षण उपयोगी पडेलही. परंतु ते सक्तीचे म्हणून विकणे ही फसवणूकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून मोठी चूक नो क्लेम बोनसमध्ये निघाली. सात वर्षांत एकही क्लेम न केल्याने मला कमाल म्हणजे 50 टक्के सवलत मिळायला हवी होती, पण कागदावर 20 टक्केच धरली होती. जुन्या पॉलिसीची प्रत पाठवल्यावर ती दुरुस्त झाली. जादा संरक्षणे वगळून, गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र ठेवून, मी अखेर 7,596 रुपये भरले.

थर्ड पार्टीच्या हप्त्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तो इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवणारा आणि तीस हजार चालवणारा सारखेच पैसे भरतात आणि नो क्लेम बोनस या भागाला लागूच होत नाही. शिवाय विमा नसताना पहिल्यांदा पकडले गेल्यास कायद्यात 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. नुसत्या दंडावर सुटणाऱ्याला तो माझ्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडतो. प्रामाणिकपणे भरणाऱ्यावर हा सरळ अन्याय आहे.

तरीही ही सक्ती नको, असे मी म्हणणार नाही. माझ्या मेहुण्यांना माजिवड्याला रस्ता ओलांडताना एका मोटारीने धडक दिली होती. त्या मोटारीचा विमा चालू होता, म्हणूनच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम त्यांच्या हाती पडली. त्या मालकाची स्वतःची तेवढी ऐपत नव्हती. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा असली, तरी मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या भरपाईला या विम्यात अशी मर्यादा नसते. 3,416 रुपयांत मिळणारे हे संरक्षण मला महाग वाटत नाही. वापरानुसार हप्ता ठरावा आणि विमा नसलेली वाहने नेमाने शोधून काढावीत, एवढीच माझी मागणी आहे.

पॉलिसी हाती आल्यावर मी तो तपशील सोसायटीतल्या दोन शेजाऱ्यांना दाखवला. त्यांनी आपापले कागद काढले. एकाकडे स्वतंत्र अपघात पॉलिसी असूनही तेच संरक्षण मोटारीच्या विम्यात पुन्हा लावलेले होते, आणि त्याचे पैसे ते तीन वर्षे भरत होते.