मे महिन्यात अमोनियाची बाटली उघडणं : माझा अनुभव

लॅबचा चार्ज घ्यायचा म्हणजे काय, रजिस्टरमध्ये जुन्या माणसाच्या सहीखाली आपली सही ठोकायची आणि किल्ल्या खिशात टाकायच्या, असं मला सगळे सांगून राहिले होते. आमचं ज्युनिअर कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढं, अकरावी-बारावी सायन्सची एकेक तुकडी, आणि केमिकलचं स्टोअर म्हणजे लॅबच्या मागची टिनाच्या छताची खोली. मामा (आमचे जुने लॅब अटेंडंट) मेअखेर रिटायर होणार होते म्हणून चार्ज मेमध्येच घेणं भाग होतं, आणि वरून पुरवणी परीक्षेची प्रॅक्टिकल तोंडावर, म्हणजे टेबलावरच्या रिएजंटच्या बाटल्या भरून ठेवायच्या होत्या. सॉल्ट अ‍ॅनालिसिसला अमोनियम हायड्रॉक्साइड (म्हणजे पाण्यात विरघळलेला अमोनिया) नसेल तर तिसरा ग्रुप (क्षारातल्या धातूंचा एक गट) कोण काढून देणार, अ‍ॅल्युमिनियम नाही की लोखंड नाही.

तर लिकर अमोनियाची (तेच द्रावण, पण तीव्र) एक अडीच लिटरची तपकिरी बाटली, अर्धीच भरलेली, लेबल उडालेलं पण २५ टक्के एवढं वाचता येत होतं. मी हात लावायच्या आधीच मामा म्हणाले, "थांबा भाऊ, काहून घाई करून राहिले? हे बाटली दुपारची उघडायची नाही." मी विचारलं काहून, तर म्हणे पूर्वी एका सरांनी एप्रिलात भर दुपारी झाकण फिरवलं होतं, फस्सकन आवाज झाला आणि अमोनियाचं पाणी उडालं थेट कपाळावर, चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मामांना कारण माहीत नव्हतं, नियम मात्र पक्का माहीत होता.

कारण मला सापडलं एसडीएसमध्ये, म्हणजे सेफ्टी डेटा शीटमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रत्येक केमिकलचा एक सेफ्टीचा कागद असतो, कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो, त्याचे १६ भाग असतात आणि आपल्याकडं तो कोणी उघडून पाहत नाही. चौथ्या भागात प्रथमोपचार, सातव्यात हाताळणी आणि साठवण, आठव्यात हातमोजे-चष्मा, आणि नवव्यात ते आकडे जे आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि मग विसरतो. तिथं लिहिलं होतं की २५ टक्के अमोनियाच्या द्रावणाचा उत्कलनबिंदू ३८ अंशाच्या आसपास. आता विदर्भातला मे डोळ्यासमोर आणा, बाहेर ४५, टिनाखाली त्याच्याहून जास्त. म्हणजे त्या खोलीत ती बाटली नुसती ठेवलेली नव्हती, झाकण नसतं तर ती उकळली असती, झाकणानं दाबून धरलं होतं एवढंच. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात हाच कागद वाचणाऱ्याला ते वाक्य साधं वाटेल, आमच्याकडं तेच एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

पण बाटलीला हात लावायच्या आधी खोलीच नीट करावी लागली, आणि खरं सांगतो, जास्त वेळ त्यातच गेला. एकाच मांडणीवर अमोनिया आणि दोन हातांवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, त्यामुळं आजूबाजूच्या सगळ्या बाटल्यांवर पांढरी भुकटी बसलेली. मामा दरवर्षी पुसायचे आणि दरवर्षी परत यायची, त्यांना वाटायचं छतातून चुना गळते. ते अमोनियम क्लोराइड आहे, दोन्ही बाटल्या थोड्या-थोड्या श्वास सोडतात आणि हवेत भेटतात, बारावीची पोरं काचेची कांडी एचसीएलमध्ये (म्हणजे त्याच हायड्रोक्लोरिकमध्ये) बुडवून अमोनियाजवळ धरून जो पांढरा धूर काढतात तोच. अ‍ॅसिड दुसऱ्या भिंतीला नेलं. फिजिक्सच्या तराजूची पितळी वजनं पण त्याच खोलीत, त्यांच्यावर निळसर-हिरवट डाग, कारण अमोनिया तांब्या-पितळेला खातो. इंग्रजांच्या काळी घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची म्हणतात, त्यामागंही हाच अमोनिया. वजनं फिजिक्सवाल्यांना परत दिली, त्यांनी नाक मुरडून घेतली.

आणि मग कोपऱ्यात सापडली ब्लीचिंग पावडरची गोणी. पाण्याच्या टाकीसाठी आणलेली, या खोलीला कुलूप असतं म्हणून इथं ठेवलेली, असं सगळ्या शाळांमध्ये असते बघा. ब्लीचिंग आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो, तो घसा आणि फुप्फुसं धरतो. खाली अमोनिया सांडला असता आणि कोणी भलेपणानं त्यावर ब्लीचिंग टाकून फरशी धुतली असती तर... गोणी त्याच दिवशी स्वच्छतेच्या सामानाच्या खोलीत गेली. आयोडीनपण लांब ठेवलं, त्याच्यासोबत अमोनियाचा जो पदार्थ बनतो तो वाळल्यावर नुसत्या धक्क्यानं फुटतो. आणि टॉलेन्सचं द्रावण (सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं, चांदीचा आरसा काढायचं) करून शिल्लक ठेवायचं नाही हे तर आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी मला दोनदा सांगितलं, जागेवर डायल्युट नायट्रिक टाकून मोडून टाकायचं, ठेवलं तर त्यात फुटणारे चांदीचे क्षार बनतात.

आता डोळ्यांचं. लोकांना अ‍ॅसिडची भीती वाटते, अल्कलीची (अॅसिडच्या उलट गुणाच्या पदार्थांची, अमोनिया त्यातलाच) वाटत नाही, आणि डोळ्यासाठी खरं तर उलटं आहे. अ‍ॅसिड वरच्या थरातली प्रथिनं गोठवते म्हणून बऱ्याचदा तिथंच अडते, अल्कली मात्र मांस विरघळवत आत जात राहते. आपल्या भागात हे समजवायला केमिस्ट्री लागत नाही, खर्ऱ्यासाठी (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणासाठी) जी चुन्याची पुडी किंवा ट्यूब घरात पडलेली असते ती लहान पोरानं दाबली आणि डोळ्यात उडाली अशा केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांना नेहमी पाहाव्या लागतात, चुना अल्कलीच. उपाय एकच, पाणी, लगेच, कमीत कमी १५ मिनिटं, पापण्या उघड्या धरून, आणि मग दवाखाना. लिंबू-व्हिनेगर टाकून न्यूट्रल करायला जायचं नाही.

पण मेमध्ये १५ मिनिटं पाणी आणायचं कुठून? आमच्याकडं नळाला पाणी दोन-तीन दिवसांआड, लॅबचा नळ फुसफुस करून राहते. आणि छतावरच्या काळ्या टाकीत जे असते ते दुपारी हात लावता येत नाही एवढं तापलेलं, ते डोळ्यात टाकलं तर एक संकट जाऊन दुसरं. अमेरिकन स्टँडर्डमध्ये आयवॉशला (डोळे धुवायच्या सोयीला) मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी आणि तापमान १६ ते ३८ अंश असं सांगितलंय. हिशेब केला, १५ मिनिटांचे २३ लिटरच्या आसपास. म्हणजे पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, सावलीत, नळी लावून, टेबलाच्या बाजूला. एवढं झाल्याशिवाय मी बाटलीजवळ गेलो नाही, मामा हसून राहिले होते पण कॅन त्यांनीच उचलून आणले.

मास्कवर मात्र वाद झाला. कृषी विभागाच्या फवारणी किटमधला मास्क घाल म्हणून एकानं आणून दिला. २०१७ ला आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, त्यानंतर मास्क-हातमोजे हा विषय गावागावात पोचला, ते चांगलंच झालं. पण तो कापडी मास्क तुषार आणि धूळ अडवते, वायू नाही. एन-९५ पण अमोनिया अडवत नाही. त्याला वेगळं कार्ट्रिज (मास्कला लावायची, वायू शोषणारी डबी) लागते, हिरव्या पट्ट्याचं, आणि ते आमच्या तालुक्यात कुठं मिळते? चुकीचा मास्क घातला की माणूस उगाच जास्त वेळ उभा राहते, म्हणून आम्ही मास्कचा नाद सोडला आणि उघड्यावर काम करायचं ठरवलं. नाकावरही फार भरवसा नको, कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) धरतात, वास त्याच्या बऱ्याच आधी येते, पण थोड्या वेळानं नाक सरावते आणि वाटते की वास कमी झाला.

संध्याकाळीच बाटली स्टोअरमधून काढून लॅबच्या खालच्या खणात ठेवली. तापलेल्या काचेवर एकदम बर्फ टाकला तर काच तडकू शकते, म्हणून आधी रात्रभर आपोआप निवू दिली, पहाटे घमेल्यात साध्या पाण्यात उभी केली आणि मग त्या पाण्यात बर्फ. सात वाजता मागच्या व्हरांड्यात, वारा पाठीकडून. सरांनी विचारलं कूलर लावू का, म्हटलं नको, कूलर बाहेरची हवा आत ढकलते, सगळा वास वर्गांत जाईल. नायट्राइलचे हातमोजे (दवाखान्यातले पातळ रबरी नाही), बाजूनं बंद गॉगल, सुती एप्रन. झाकणावर ओलं फडकं गुंडाळलं, तोंड बाजूला, आणि झाकण थोडंसंच फिरवलं. सुस्स आवाज आला. तसंच थांबलो, आवाज बंद झाल्यावर अजून थोडं. एवढी थंड करूनही दाब होताच, मग दुपारी काय झालं असतं ते मामांच्या सरांना विचारा.

पुढचं काम सोपं. २५ टक्के म्हणजे साधारण १३ मोलर (एका लिटरात १३ मोल), आम्हाला टेबलावर २ मोलर पुरते. मोठ्या बीकरमध्ये आधी थंड पाणी, त्यात १५० मिलीच्या आसपास अमोनिया हळूहळू, मग पाण्यानं एक लिटर. असं करत रिएजंटच्या बाटल्या भरल्या, लेबलवर तारीख आणि टक्केवारी. मूळ बाटलीचं आतलं बूच चिरलेलं निघालं, म्हणून राहिलेला अमोनियापण डायल्युट करून साठवला. बीकर धुतलेलं पाणी नालीत सोडलं नाही, पाण्यातल्या जिवांना अमोनिया फार वाईट आणि आमची नाली जाते सरळ नाल्यात. डायल्युट सल्फ्युरिकनं लिटमस बघत-बघत न्यूट्रल केलं. मामा म्हणाले, "म्हणजे खतच झालं की भाऊ." झालं खरं, अमोनियम सल्फेट. पण लॅबचं पाणी झाडाला टाकायचं नाही म्हटलं, त्यात अजून काय-काय असते कोणाला माहीत.

प्राचार्यांना दोन गोष्टी मागितल्या. एक, पुढची खरेदी अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत आणि डिसेंबरमध्ये, कारण अडीच लिटर स्वस्त पडते म्हणून आणायचं आणि चार उन्हाळे टिनाखाली ठेवायचं यात काही बचत नाही. ते मंजूर झालं, सप्लायरनं कुरकुर केली पण देतो म्हणाला. दुसरी, स्टोअरला वरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन, अमोनिया हवेपेक्षा हलका, वर जाते. त्यावर शेरा आला की लाईन गेल्यावर फॅन चालणार नाही, तर मग उपयोग काय. मी परत लिहून दिलंय की मग भिंतीत वर जाळीच्या दोन खिडक्या फोडून द्या, त्याला लाईन लागत नाही. गवंडी येऊन माप घेऊन गेलाय.