एक बसणारा, एक धावणारा: आईच्या व्हॉल्व्हसाठी मुंबईत 26 दिवस

तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरला लागली. जिना चढताना आई तीनदा बसली. लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला होता म्हणे. त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप धरली आणि पन्नाशीला आल्यावर दम लागून ती गोष्ट उघडकीला आली. मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे तीच झडप, आकसलाय, बदलावा लागेल, असं गावाकडच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. खासगीतला आकडा ऐकला आणि आम्ही सिंधुदुर्गातून थेट मुंबईच्या महापालिका रुग्णालयाची वाट धरली. कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. केईएम, सायन, नायर, कुठेही गेलात तरी कामाची चाल साधारण तीच.

चार दिवसांचे कपडे नेले होते. राहिलो 26 दिवस.

पहिली गोष्ट, पेशंटबरोबर दोन माणसं न्या. एक बसणारा, एक धावणारा. डॉक्टर उपचार करतात, पण कागद आपल्या पायांनी फिरतो. रक्ताचा नमुना एका इमारतीत, इको (हृदयाची सोनोग्राफी) दुसरीकडे, सही तिसऱ्या मजल्यावर. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, म्हणून रात्रीला ताई आणि दिवसाला मी. एकटा गेलो असतो तर पहिल्याच रात्री अडकलो असतो.

ओपीडीला गेल्यावर केसपेपरवर युनिट, म्हणजे आपला डॉक्टरांचा गट, लिहितात. त्या युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते तिथल्या तिथे विचारून घ्या. आम्ही विचारले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहापासून रांगेत उभे, आणि खिडकीवर कळलं की आपल्या डॉक्टरांचा आज वारच नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं. 2012 मध्ये ही राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं. वॉर्डातले जुने लोक अजून नुसतं ‘जीवनदायी’च म्हणतात. आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो, त्याला दाखल व्हायच्या दिवशीच गाठा. रेशनकार्ड आणि आधार अस्सल न्या, आणि घरून निघण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून नावं अक्षर न् अक्षर वाचा. आईच्या नावातला एक काना रेशनकार्डावर नव्हता. त्या कान्यापायी भाऊजींना गावाकडे कचेरीत दोन खेपा माराव्या लागल्या आणि आमचे पाच दिवस गेले. चूक बारा वर्षं कपाटात पडून होती, कुणी उघडून बघितलंच नव्हतं.

मग दात. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरांचा दाखला मागतात, कारण किडक्या दातातला जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतो. आईच्या दोन दाढा काढल्या. गालाला हात लावून ती म्हणाली, “हृदयाचा ऑपरेशन करूक इलंय, आणि ह्ये माझे दात काढतत!” दातांची तपासणी गावाकडेच उरकून या, आठवडा वाचेल. फक्त दाढ काढायची वेळ आली, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

तक्रार एकच, पण ती आहे. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. दुसऱ्यांदा तातडीचा पेशंट आला, ते समजू शकतो. पण आई आदल्या रात्रीपासून उपाशी होती आणि आज नंबर लागणार नाही हे सांगायला दुपारचे तीन वाजले. विचारायला गेलो तर शिकाऊ डॉक्टर खेकसले. संध्याकाळी तेच स्वतः खाटेपाशी आले, आईशेजारी उकिडवे बसले आणि कागदावर झडपेचं चित्र काढून सगळं समजावलं. त्यांचे डोळे लाल होते. मग काय बोलणार? त्याच आठवड्यात एक रिपोर्टही हरवला. आमच्याकडे मोबाइलवर फोटो होता म्हणून निभावलं. प्रत्येक कागदाचा फोटो हातात पडताक्षणी काढा आणि झेरॉक्सचा वेगळा गठ्ठा ठेवा. रक्तदानाला तयार असलेल्या दोन-चार मुंबईकर नातेवाइकांचे नंबरही लिहून न्या.

ऑपरेशन झाल्यावर सिस्टरने आईला चादरीची घट्ट घडी दिली. खोकला आला की ती छातीशी कवटाळायची, म्हणजे मधल्या हाडावर ताण येत नाही. आणि श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र! सगळे आधी फुंकतात. फुंकायचं नाही, श्वास ओढायचा. शेजारच्या खाटेवर बीडच्या काकू होत्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन चेंडू उचलले. मग आई का मागे राहील?

राहायला दादर-परळ भागात धर्मशाळा आहेत. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी रुग्णालयाचं पत्र लागतं, ते समाजसेवा विभागातून मिळतं. आम्ही दहाव्या दिवशी चौकशी केली. तोवर मी जिन्याखाली चटईवर. चटई, कुलूप असलेली पिशवी आणि लांब वायरचा चार्जर, एवढं विसरू नका.

आता आईला रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तपासायचा आणि वहीत तारखेसह लिहायचा. धातूच्या मायट्रल व्हॉल्व्हला तो साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात; आमचा आकडा डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलाय. पालेभाजी बंद नाही, पण रोजचं प्रमाण सारखं हवं. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना दोनदा सांगून ठेवलंय, वडिलांना पाचदा.

रेल्वेची एक सवलत आम्हाला परतताना कळली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला स्लीपर आणि थ्री एसीच्या भाड्यात 75 टक्के सूट असते. ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. जायच्या आधी आरक्षण खिडकीवर तो नमुना विचारून घ्या.

पुढची तारीख मंगळवारची आहे. बीडच्या काकूंनी खिडकीवर भांडून तीच मागून घेतलीय, म्हणून आईने दोन बाटल्या कोकम आगळ बांधून ठेवलंय.